विहिरीच्या पाण्याचा आलेख : उभा अक्ष उलटा घ्यावा

बरेच शेतकरी बंधू दर पंधरवड्याला विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतची खोली मोजून वहीत लिहितात. या नोंदींचा आलेख ‘आर’ या मोफत मिळणाऱ्या संगणकभाषेत काढता येतो; मात्र अक्ष तिच्यावर सोडू नयेत. समजा, ऑक्टोबरात पाणी ३ मीटरवर होते व मेमध्ये ११ मीटरवर गेले. आकडा वाढला म्हणून रेषा वर चढते आणि पाहणाऱ्यास पाणीच वाढल्यासारखे वाटते! त्यासाठी उभ्या अक्षाची मर्यादा ठरविणाऱ्या ‘वायलिम’मध्ये मोठा आकडा आधी द्यावा : १२, नंतर ०. म्हणजे विहिरीचा काठ वर येतो व रेषा पाण्याबरोबर खाली उतरते.

दुसरी चूक अधिक महागात पडते. मर्यादा न दिल्यास ‘आर’ नोंदींपुरताच अक्ष घेते. मग एका वर्षी २ मीटर व दुसऱ्या वर्षी ८ मीटर घट असली, तरी दोन्ही आलेखांत उतार जवळजवळ सारखाच दिसतो. त्यावर विसंबून उन्हाळी भुईमुगाचे क्षेत्र ठरविल्यास ऐन शेंगा भरताना पाणी कमी पडते. म्हणून दोन्ही वर्षांना १२ ते ० हीच मर्यादा ठेवावी.

नोंदी जूनपासून मांडून आडव्या अक्षावर ‘ॲक्सिस’ या आज्ञेने महिन्यांची नावे लिहावीत. जानेवारीपासून मांडल्यास रब्बी हंगाम मधोमध तुटतो.