डी, एफ, ओ, आर, के म्हणजे कविता

आपल्या मंडळाच्या जुन्या हस्तलिखित अंकांची सूची संगणकावर आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. मलाही गेल्या वर्षापर्यंत नव्हतं. आता निवृत्त झालेल्या ग्रंथपाल बाईंनी ती ॲक्सेस ९७ मध्ये सवडीसवडीनं भरली होती: अंक, पान, शीर्षक, कवी, पहिली ओळ. काही अंकांना नंतर वाळवी लागली. त्यांचं जे काही उरलंय ते या सूचीतच. त्यामुळे वाचनालयातला जुना संगणक बंद पडून नवा आला, तेव्हा ही सूची नव्यावर चालती करायचं काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. साहित्याचा विद्यार्थी असलो तरी मोबाइल बरा चालवतो, एवढीच माझी पात्रता.

लॅबमधल्या दादांनी जुन्या संगणकाची डिस्क काढून केबलनं जोडली आणि फाइल्स माझ्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. नव्या संगणकावर त्या उघडेनात. ॲक्सेस २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या ९७ च्या फाइल्स घेतच नाहीत, २०१० घेते. लॅबच्या कोपऱ्यातल्या एका संगणकावर २०१० सापडलं, तिथं उघडून नव्या प्रकारात जतन केलं. मग दुसरी अडचण. सूचीच्या दोन फाइल्स होत्या, एकीत फॉर्म आणि दुसरीत नोंदी, आणि पहिली दुसरीला ठरलेल्या पत्त्यावरच शोधत होती. बाईंना फोन केला. "अरे पुता, नोंदी डी ड्राइव्हवर होत्या, तिथंच बघ." नव्या संगणकाला डी ड्राइव्हच नाही! जोडलेल्या टेबलांचा नवा पत्ता देऊन ते सुटलं.

खरी गंमत पुढे. फॉर्म उघडला आणि कवींच्या नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फाइल बिघडली असं वाटून माझ्या पोटात गोळाच आला. पण बिघडलं काहीच नव्हतं. बाईंनी कृतिदेव फाँट वापरला होता. अशा जुन्या फाँटमध्ये संगणक मराठी साठवत नाही, रोमन अक्षरं साठवतो आणि फाँट त्यांना देवनागरी कपडे चढवतो. 'कविता' हा शब्द आत डी, एफ, ओ, आर, के असा पडलेला असतो. फाँट नसेल तर तेच दिसणार. (रोमन अक्षरांतल्या मराठीचं आपल्याला अप्रूप नको. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं ते रोमन लिपीतच.) जुन्या डिस्कवरच्या फाँट्सच्या फोल्डरमधून कृतिदेव आणून नव्यावर बसवला, आणि सगळी नावं जागच्या जागी आली.

इथंच थांबायला हवं होतं. पण काही कवींच्या नावाआधी 'श्री' होतं, काहींच्या नव्हतं. ते डोळ्यांना खुपलं, म्हणून शोधा-बदला उघडून सगळ्या टेबलातला 'श्री' एका फटक्यात काढून टाकला. हा बदल मागे घेता येणार नाही, अशी सूचना आली. मी हो म्हटलं.

नंतर बघतो तर 'ज्ञानेश्वरी'ची 'ज्ञानेश्व' झालेली. 'वारी'चं 'वा', 'सरी'चं 'स'.

कारण असं, की कृतिदेवमध्ये लहान जे म्हणजे 'र' आणि मोठा जे म्हणजे 'श्र'. शोधताना ॲक्सेस लहान-मोठं अक्षर एकच मानतं. तो फरक पाळायला एक वेगळी चौकट टिचकवावी लागते. मला दोन वेगळी अक्षरं दिसत होती, त्याला एकच. तसंच लहान के म्हणजे काना आणि मोठा के म्हणजे 'ज्ञ'. वर्णानुक्रमाचंही तेच. सूची इंग्रजी अक्षरांनी लागते, त्यामुळे 'क'च्या मागून 'म' येतो. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी टाइप होते, म्हणून 'किनारा' आणि 'दिवस' शेजारी शेजारी.

जुनी डिस्क दादांनी भंगारात दिली नव्हती, म्हणून वाचलो. तिच्यावरून पुन्हा प्रत घेतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. आता मूळ रकान्यांना हात लावत नाही. शेजारी नवे रकाने केलेत, त्यांत युनिकोड मराठी भरतोय. परिवर्तकाचं काम नव्वद टक्के बरं असतं असं ऐकून होतो. माझा अनुभव असा की रेफ आला की नीट बघावंच लागतं. 'वर्षा' कृतिदेवमध्ये टाइप होते ती व, ष, काना आणि शेवटी रेफ अशी. युनिकोडमध्ये तो 'र' 'ष'च्या आधी जायला हवा. म्हणून एकेक नोंद मोठ्यानं वाचून तपासतो.

तपासताना एक कविता सापडली, 'श्रजनी'. बहुधा 'रजनी'. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायची ॲक्सेसला खोड आहे, आणि र मोठा झाला की श्र होतो. ती सोय मी लगेच बंद केली. नोंद दुरुस्त केली आणि पुढं गेलो, तर दुसऱ्या एका कवितेचं शीर्षक 'श्रावण'. तो श्रावणच आहे, की मुळातला 'रावण'? कळफलकावर दोघांच्या कळा अगदी त्याच, फरक फक्त पहिल्या अक्षरावरच्या शिफ्टचा. पहिल्या ओळीचा रकाना रिकामा, आणि तो अंक वाळवीनं खाल्लाय. बाईंना पुन्हा फोन केला. बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "नाही रे आठवत."

नव्या रकान्यात सध्या दोन्ही शीर्षकं लिहून ठेवली आहेत. तुमच्या घरातलं कुणी पूर्वी मंडळात असेल, तर त्यांना विचारून बघा.