उपासनेस विघ्न आणि कायद्याचें शासन

ठाणें शहरांत मासुंदा तलावाच्या काठीं कौपिनेश्वराचें मंदिर आहे. तेथून जवळच संत योहान बाप्तिस्ता यांचें चर्च आहे. आणि टेंभीनाक्याकडे बेने इस्राएल समाजानें १८७९ सालीं बांधलेलें सिनेगॉग आहे. जेथें निरनिराळ्या धर्मांचे लोक असे शेजारीं शेजारीं उपासना करतात, तेथें एकाच्या प्रार्थनेस दुसऱ्यानें विघ्न आणल्यास कायदा काय म्हणतो, हें प्रत्येकानें जाणणें इष्ट होय.

१८६० सालच्या भारतीय दंड संहितेचें २९६ वें कलम या अपराधाविषयीं होतें. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली असून तोच नियम आतां तिच्या ३०० व्या कलमांत आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. धर्माचा अवमान करण्याच्या हेतूनें उपासनास्थानाची नासधूस केल्यास २९८ व्या कलमान्वयें कैदेची मर्यादा दोन वर्षांची आहे. उपासना कोणत्या धर्माची, असें हीं कलमें विचारीत नाहींत.

मात्र अपराध ठरण्यास तीन गोष्टी लागतात: लोक उपासनेंत गुंतलेले असावेत, ती उपासना कायद्यास धरून चाललेली असावी, आणि विघ्न स्वेच्छेनें आणलेलें असावें. आईच्या कडेवरील मूल रडलें, तर तो अपराध नव्हे. परंतु आंत प्रार्थना चालली आहे हें ठाऊक असून दारांत फटाका फेंकणारा, "मी थट्टा केली," एवढें म्हणून सुटत नाहीं. तो अठरा वर्षांखालील असल्यास त्याची चौकशी बालन्याय मंडळापुढें होते.

दुसऱ्या गोष्टीचाही विसर पडूं नये. मद्रासेंतील एका चर्चच्या ध्वनिक्षेपकाविषयीं २००० सालीं निर्णय देतांना सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, इतरांची शांति भंग करून प्रार्थना करावी असें कोणताही धर्म शिकवीत नाहीं. जो संरक्षण मागतो, त्यानें स्वतः शेजाऱ्यास उपद्रव देऊं नये.

आतां कल्याणचा दुर्गाडी किल्ला पहा. तेथें देवीचें मंदिर आहे आणि ईदगाहही आहे. बकरी ईदच्या नमाजाच्या वेळीं पोलिसांनीं मंदिराची वाट कांहीं काळ बंद ठेवावी आणि त्याच्या निषेधार्थ खालीं घंटानाद व्हावा, असें तेथें कित्येक वर्षें घडत आलें. एकाची प्रार्थना निर्विघ्न व्हावी म्हणून दुसऱ्याची वाट किती वेळ अडवावी? हा प्रश्न कठीण आहे, आणि ३०० वें कलम त्याचें उत्तर देत नाहीं. शिक्षा विघ्न घडून गेल्यावर येते. तोंवर भंगलेली प्रार्थना कोणतेंही न्यायालय परत देऊं शकत नाहीं.

म्हणून बालमित्रहो, कोणत्याही उपासनास्थानावरून जातांना आंत शेजारी प्रार्थनेस बसला आहे असें समजून आपला आवाज हळू करा. जेथें एवढें घडतें, तेथें पोलिसांस पाचारण करण्याचा प्रसंग क्वचितच येतो.