‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’



मागच्या वर्गात आम्ही सर्वांना ‘गेला शनिवार-रविवार’ या विषयावर पाच-पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. मुलांनी मराठीत, पालकांनी इंग्रजीत. एका बाबांनी वाचून दाखवले, “आय हॅड गॉन टू द मार्केट यस्टर्डे.” त्यांची लेक पटकन म्हणाली, “बाबा, हॅड नको!” सगळी मुले हसली आणि बाबांनी वही मिटली. आम्हांला ते हसणे आवडले नाही. बाबांचे इंग्रजी कच्चे नव्हते. त्यांच्या वाक्यात मराठी डोकावत होती.

‘काल मी बाजारात गेलो होतो’ हे मराठीत अगदी बरोबर आहे. ‘होतो’ म्हटले की गेलो आणि परत आलो, असा अर्थ सहज निघतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला मात्र भूतकाळातलीच दुसरी घटना सोबतीला लागते. ‘व्हेन वी रीच्ड द स्टॉप, द बस हॅड गॉन.’ आम्ही पोचलो, त्याआधीच बस गेली होती. अशी दुसरी घटना नसेल, नुसते ‘काल’ असेल, तर ‘आय वेन्ट’ पुरे. ‘काल’बरोबर ‘हॅव’ही चालत नाही, कारण त्याचा संबंध आत्ताशी असतो. ‘आय हॅव लॉस्ट माय की’ म्हणजे किल्ली अजून सापडलेली नाही.

आता हसणाऱ्यांच्या वह्या पाहू! ‘आईने मला डबा दिली.’ ‘मी दोन पोळ्या खाल्लो.’ आई बाई, म्हणून ‘दिली’. मी मुलगा, म्हणून ‘खाल्लो’. पण मराठी भूतकाळात कर्म असले की क्रियापद बहुधा कर्माकडे पाहते. डबा दिला, भाजी दिली, केळे दिले. देणारी आई असो की बाबा. पोळ्या मुलाने खाल्ल्या काय नि मुलीने खाल्ल्या काय, त्या ‘खाल्ल्या’च. कर्म नसेल तर मुलगा ‘गेलो’ म्हणेल, मुलगी ‘गेले’. विसरणे, शिकणे, पिणे ही मंडळी मात्र या नियमाला जुमानत नाहीत: मी डबा विसरलो, मी मराठी शिकले, मी दूध प्यायलो. ती पाठच करावी लागतात, आमचाही इलाज नाही.

या आठवड्यात घरातल्या एकाच प्रसंगावर दोघांनी लिहावे, पालकांनी इंग्रजीत, मुलांनी मराठीत, आणि वह्या अदलाबदल करून तपासाव्यात. प्रसंगात एखादी ‘आधीच’ घडून गेलेली गोष्ट हवी, म्हणजे चुकलेली बस किंवा संपलेले दूध. त्या बाबांचे वाक्य आमच्याकडे आलेसुद्धा: ‘व्हेन आय गॉट टू द मार्केट, द मेथी हॅड गॉन.’ शेजारी लेकीच्या अक्षरात लिहिले आहे, ‘बाबांनी मेथी आणली नाही.’ दोघांनाही पैकीच्या पैकी गुण.