काळा रंग जरा बाजूला ठेव गं

तुझा रात्री साडेअकराचा निरोप मी सकाळी चहा ठेवताना वाचला. "ताई, माझं शेडिंग धुरकट दिसतं, मला हे जमणारच नाही." आणि सोबत आईचं चित्र. बघ, आधी चित्राचं बोलूया. नाकाची घडण बरोबर आहे, आणि डोळ्यांतली नजर तर अगदी तिचीच आहे. अवघड होतं ते तू करून बसलीस. बिघडलंय ते एवढंच, की तू सगळा चेहरा मऊ केलास. गाल मऊ, नाकपुडीची कड मऊ, पदराची किनार मऊ, हनुवटीखालची सावलीसुद्धा मऊ. मग डोळा टेकायला जागाच राहत नाही, आणि वैनगंगेवर पौषात सकाळी असतं तसं धुकं सगळीकडे पसरतं.

खरं सांगू का, माझं पहिलं चित्र याहून वाईट होतं. आजीचं होतं ते. फोनवर, बोटाने काढलेलं. आजीचं सगळं आयुष्य धानाच्या बांधीत गेलं, रोवणीला वाकून वाकून उन्हाने भाजलेला तिचा तांबूस तपकिरी चेहरा. मी एअरब्रश घेतला, काळा रंग घेतला आणि गालांच्या कडांनी, डोळ्यांखाली, मानेवर तीन रात्री फिरवत बसले. मोठ्या आशेने तिला दाखवलं. तिने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "माह्या तोंडाले काजळी काहून लावली वं?" मला रडू आलं होतं. पण तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी ती ओसरीत तांदूळ निवडत बसली असताना मी तिच्या गालावरची सावली नीट पाहिली. त्यात काळं कुठेच नव्हतं. उजेड संपतो तिथे विटकरी लाल, त्याच्या पलीकडे जांभळट तपकिरी, आणि अगदी खाली जबड्याजवळ तिच्या पिवळ्या लुगड्याचा उजेड परत वर आलेला.

म्हणून पहिली गोष्ट ही, की काळा रंग महिनाभर बाजूला ठेव. सावली म्हणजे त्याच रंगात कालवलेला काळा नव्हे. सावलीत रंग गडद होतो, पण त्याची जातही थोडी बदलते. उन्हात अंगावर पिवळट उजेड पडतो आणि सावलीच्या भागाला आभाळाचा निळसर उजेड मिळतो, म्हणून ती सावली थंड दिसते. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तर हे फार सुंदर दिसतं. ॲपमधल्या तयार रंगपट्ट्यांत 'स्किन' म्हणून जे गुलाबी-पांढरट रंग असतात त्यांच्यावर विसंबू नकोस. आईचा फोटो दिवसाउजेडी अंगणात काढ, ड्रॉपरने कपाळ, गाल, मान असे पाच-सहा ठिकाणचे रंग उचल आणि एका कोपऱ्यात ठिपके मांडून ठेव. फोटोतला रंग तंतोतंत खरा नसतो, पण अंदाज येतो. आणि उजळ भाग दाखवायला सरळ पांढरा लावू नकोस गं, सावळ्या चेहऱ्यावर तो राखेसारखा बसतो. तांबूस सोनेरी घे.

आता मऊपणाकडे येते. तुला वाटतं मऊ शेडिंग म्हणजे मऊ ब्रश. मलाही तेच वाटायचं. पण आपण भंडाऱ्याच्या बायका, पितळेच्या गावच्या. एक काम कर. आईचा पितळेचा गुंड घे, घासून लख्ख केलेला, आणि शेजारी कुंभाराकडचं साधं मातीचं मडकं ठेव. दोन्ही एकाच खिडकीत, दुपारी चारच्या उजेडात. दोन्हींचा आकार जवळजवळ सारखाच, उजेड तोच. मडक्यावर बघ, उजेड कसा हळूहळू उतरतो, कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. खरखरीत माती उजेड चहूकडे विखरून टाकते म्हणून तसं होतं. गुंडावर मात्र चकाकी टोकदार, तिची कड सुरीने कापल्यासारखी, लगेच शेजारी गडद पट्टा, त्यात खिडकीचे गज, दाराची चौकट, आणि नीट पाहिलंस तर तुझ्या ओढणीचा रंगही. घासलेलं पितळ उजेड एकाच दिशेने परत पाठवतं. म्हणजे कुठे मऊ आणि कुठे धारदार हे वस्तूच सांगते, आपण फक्त ऐकायचं. मी आठ दिवस हेच दोन आकार काढले होते. चेहरा काढलाच नाही, आणि आठ दिवसांनी चेहरा आपोआप सुधारला.

चेहऱ्यात दोन्ही असतात बघ. गाल मडक्यासारखा आणि डोळ्यातला ओला ठिपका गुंडासारखा. आणि शाळेत चित्रकलेच्या बाईंनी शिकवलेलं छाया आणि पडछाया आठवतं का? गालाच्या गोलाईवर फिरत जाते ती छाया, तिची कड मऊ. नाकाची ओठावर पडते ती पडछाया, तिची कड नाकाजवळ धारदार, आणि दूर जाताना विरत जाणारी. डोक्यावरच्या पदराची कपाळावरची सावलीही तशीच, भर उन्हात स्पष्ट, ढगाळ दिवशी जवळजवळ नाहीच. तू पडछायेलाही एअरब्रश फिरवलास, म्हणून आईची हनुवटी मानेत बुडून गेली. तेवढी एक कड धारदार कर, आणि काय फरक पडतो ते मला कळव.

आता हात कसा चालवायचा ते सांगते, कारण इथेच सगळ्या मुली अडकतात. एअरब्रश घेऊ नकोस. साधा गोल, कडक कडांचा ब्रश घे, ओपॅसिटी पन्नासच्या आसपास ठेव. आधी उजळ, मध्यम आणि गडद असे तीनच थर सपाट भर, अगदी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत स्थिरचित्राच्या पेपरात भरायचो तसे. या टप्प्यावर चित्र ओबडधोबड दिसणार, घाबरून पुसू नकोस. मग जिथे उजळ आणि मध्यम एकमेकांना भिडतात, तिथे ब्रशचा एक हलका फटका मार. दोन्हींच्या मधला एक नवा रंग तयार होईल. ड्रॉपरने तो उचल, भिडण्याच्या जागी लाव. पुन्हा मधला उचल, पुन्हा लाव. पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून पीठ थोडं थोडं सोडत ढवळतो ना, तसंच हे. शेवटी अगदी जरासा एअरब्रश, तोही गालासारख्या मोठ्या गोलाईवर. स्मजचं बोट तर चिमटीभर मिठाएवढंच वापर. मी एकदा एका नवरीचं चित्र इतकं स्मज केलं होतं की ती मेणाची बाहुली वाटू लागली, आणि पैसे घेतलेले असल्यामुळे ते पुन्हा पहिल्यापासून काढून द्यावं लागलं.

एक चिखलाचीही भानगड असते. समोरासमोरचे रंग, म्हणजे पिवळा आणि जांभळा, किंवा लाल आणि हिरवा, थेट एकमेकांत विरघळवलेस की मधे मळकट पट्टा येतो. तो मधला रंग मशीनवर सोडू नकोस, स्वतः निवड. पिवळ्याकडून जांभळ्याकडे जाताना मधे केशरी-लालसर ठेवलास की संध्याकाळ उतरते.

लेयरचा गोंधळ तुझा वेगळाच आहे, ते मी फाईल उघडली तेव्हाच कळलं. सव्वीस लेयर, आणि एकालाही नाव नाही! एवढे कशाला गं? रेघांचा एक, खाली सपाट रंगांचा एक, त्याच्यावर सावलीचा, त्याच्यावर उजेडाचा. सावलीच्या लेयरला क्लिपिंग लाव, म्हणजे रंग खालच्या आकाराच्या बाहेर जात नाही, हात कितीही घसरला तरी. आणि त्याच लेयरला मल्टिप्लाय. तू विचारलं होतंस मल्टिप्लाय म्हणजे काय. आंधळगावच्या कोसा रेशमाची ओढणी उन्हात धर. एका पदरातून उजेड येतो, आणि घडी जिथे दुहेरी होते तिथे तोच रंग गडद होतो. वेगळा रंग आला नाही, त्याच्यावर त्याचाच थर आला. मल्टिप्लाय नेमकं हेच करतं, म्हणून त्यात रंग कधी उजळत नाही, गडदच होतो. पण त्यात राखाडी भरलीस तर पुन्हा काजळी. फिकट जांभळट किंवा विटकरी भर. आणि दोन लेयर एकत्र करण्याआधी फाईलची एक नक्कल ठेव. माझं सारसाच्या जोडीचं चित्र असंच गेलं. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात. त्या करड्या पिसांवर मी दोन आठवडे घालवले होते, आणि सगळं एकाच लेयरवर दाबून सेव्ह केल्यावर लक्षात आलं की मागचं आभाळ बदलायचं राहिलं.

अजून एक. चित्राच्या सगळ्यात वर एक लेयर घे, पूर्ण काळ्याने भर आणि त्याचा मोड 'कलर' कर. सगळं चित्र काळं-पांढरं दिसेल. तिथे चेहरा सपाट वाटला, तर रंगाचा दोष नाही, उजेडाचा आहे. महिनाभर बाजूला ठेवलेला काळा इथे मात्र चालतो, कारण काम झालं की हा लेयर बंदच करायचा असतो.

तुला सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' माहीत आहे ना? साडीतली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात, कारण ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये रविवर्म्याच्या चित्रांच्या सोबत आहे. पण ते आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं, 1945 च्या सुमाराचं, आणि समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी. चित्र जलरंगातलं आहे बघ. जलरंगात मागे फिरता येत नाही, दोन बोटांनी टिचकी मारून 'अनडू' करायची सोय नाही. मोठं करून बघ आणि आडोशाच्या बोटांपाशी थांब. बोटांच्या कडा लालसर पेटल्यासारख्या दिसतात. आज रात्री दिवे घालवून फोनचा टॉर्च तळहाताखाली धर, तुझीही बोटं तशीच लाल दिसतील. आतलं रक्त-मांस निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, लाल तेवढा बाहेर येतो. कान, नाकपुडीची कड, बोटांची टोकं इथे उजेड मागून येत असेल तर सावलीत थोडा लाल-केशरी घाल. चेहरा जिवंत होतो. मेणाच्या बाहुलीला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं होतं.

उजेड शिकायला तुला पुण्या-मुंबईला जायला नको. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत झाडीपट्टीचं नाटक बघायला बसतेस ना, तेव्हा एकदा गोष्ट सोडून दिवे बघ. एका बाजूने तांबडा, दुसऱ्या बाजूने निळा, आणि नायिका मान वळवते तशी नाकाच्या दोन्ही बाजूंनी रंगांची सीमा सरकते. मी वहीत नुसते बाण काढून आणते, उजेड कुठून येतो एवढेच. घरी येऊन रंगवते.

साधनांची काळजी तर तू उगाच करतेस. प्रोक्रिएट आयपॅडवरच चालतं, म्हणून आयपॅड नाही तर चित्र नाही असं कोणी ठरवलं? फोनवर इबिसपेंट फुकट मिळतं, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. घरात भावाचा लॅपटॉप असेल तर क्रिटा पूर्ण फुकट आहे. रबराच्या टोकाचा स्वस्त पेन घेऊ नकोस, त्याला दाब कळत नाही, तुझ्या बोटात आणि त्याच्यात काही फरक नाही. दाब ओळखणारा छोटा पेन-टॅब्लेट तीन-चार हजारांपासून मिळतो आणि त्यातले बरेच केबलने फोनलाही जोडता येतात. पण तो आत्ता नको. पहिल्या दोन-तीन चित्रांचे पैसे हातात आले की घे. दाब नसला तरी ओपॅसिटीचा सरकता ठिपका आहेच, मी वर्षभर त्याच्यावरच काम केलं. छापायचं असेल तर ए-फोरला 2480 बाय 3508 पिक्सेल सुरुवातीलाच ठेव, नंतर ताणलंस तर मऊ सावल्यांत चौकोन दिसू लागतात. कॅनव्हास मोठा झाला की फोन लेयर कमी देतो, तेव्हा सव्वीस लेयरची सवय अशीही मोडेल.

घरचे म्हणतात मोबाईलवर खेळते, हे तुझं दुखणं मला ठाऊक आहे. मीही ऐकलंय. भांडू नकोस. रोज जेवणाआधीचा पाऊण तास ठरवून घे, आईसमोर बसून काढ, खोलीत दार लावून नको. तिलाच विचार, तुझी हनुवटी बरोबर आली का? स्वतःचा चेहरा आरशात चाळीस वर्षं पाहिलेल्या बाईसारखी परीक्षक दुसरी कोण मिळणार? आणि साडेअकराला रंग ठरवू नकोस गं. अंधारात स्क्रीन मंद करून बसतेस, रात्रीचा पिवळा मोड चालू असतो, मग सकाळी सगळंच निळं दिसतं. तो मोड बंद कर आणि रंगाचं काम दिवसा कर.

तर आजचं काम एवढंच. आईच्या चित्राला आज हात लावू नकोस, हनुवटीची ती कड नंतर कर. गुंड चिंचेने घास, खिडकीत मडक्याशेजारी ठेव, चार वाजता बस. तीन रंगांत दोन्ही काढ आणि गुंडावरची चकाकी एका फटक्यात ठेव, चोळू नकोस. सहाच्या आत पाठव, नंतर मी स्वयंपाकाला लागते.