मनोरुग्णाचे शरीरस्वास्थ्य

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या शरीरालाही व्याधी जडतात, ही साधी गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तीव्र मानसिक विकार असलेल्या व्यक्तींचे आयुर्मान इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षांनी कमी असते. त्यांतील बहुसंख्य मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक रोगांनी होतात.

याची कारणे तीन. पहिले, तंबाखू, निकृष्ट आहार व दारिद्र्य. दुसरे, काही औषधांनी वजन व रक्तातील साखर वाढते. तिसरे कारण आपल्या हातातले आहे: रुग्णाने छातीत दुखते असे सांगितले, तरी ‘हा तर वेडसर’ म्हणून त्याचे ऐकले जात नाही.

बालाघाट जिल्ह्यातील बैहरसारख्या वनप्रदेशास हिवताप पूर्वापार परिचित आहे. हा ताप मेंदूपर्यंत पोचल्यास रोगी बरळतो, त्यास झटके येतात. अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ किंवा ‘जुने वेड’ असे ठरवून वेळ दवडू नये. रक्ततपासणी तत्काळ व्हावी.

१९८२ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मानसोपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत आणण्याचे धोरण स्वीकारले. त्याची दुसरी बाजू अशी की, मानसोपचाराच्या ठिकाणी शरीराचीही तपासणी झाली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही आरोग्यसेवेत मनोरुग्णास शारीरिक रुग्णाच्या बरोबरीचा हक्क दिला आहे.

व्यवहारात पुढील क्रम ठेवावा :

१. औषध सुरू करताना वजन, रक्तदाब व रक्तशर्करा पाहावी. वजन आरंभी दरमहा, इतर तपासण्या तीन महिन्यांनी व पुढे निदान वर्षातून एकदा कराव्यात.

२. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकी तपासावी.

३. लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. जुलाब-उलट्या, हातांची तीव्र थरथर किंवा तोल जाणे दिसताच डॉक्टरांकडे न्यावे.

४. कोणतेही औषध मनाने बंद करू नये.

कुटुंबीयांनी सर्व कागद एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक भेटीस न्यावेत. आशा कार्यकर्तीने गृहभेटीत गोळ्यांबरोबर भूक, झोप व खोकला यांचीही विचारपूस करावी. शिक्षकांनी ज्यांना वाचता येत नाही, त्यांना कागदावरील पुढील तारीख वाचून दाखवावी. आरोग्य अधिकाऱ्यांनी औषधवाटपाच्या जागीच वजनकाटा व रक्तदाबमापक ठेवावा. एकाच फेरीत दोन्ही कामे झाली, तर दूरच्या पाड्यावरील रुग्णाची दुसरी मजुरी बुडणार नाही आणि तपासणीही चुकणार नाही.