घटक 6 : जत्रा आणि मनोरंजन उद्यान – सर्व वयांना सामावून घेणारे निर्णय

6.0 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• जत्रा आणि मनोरंजन उद्यान यांतील साम्य व भेद स्पष्ट करता येतील.
• रंजनस्थळ सर्व वयांना सामावून घेते म्हणजे नेमके काय, हे सांगता येईल.
• अशा स्थळाच्या व्यवस्थापकांनी घेतलेल्या निर्णयांचे परीक्षण करता येईल.

6.1 प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण जत्रेच्या धार्मिक आणि आर्थिक अंगांचा परिचय करून घेतला. या घटकात तिच्या रंजनात्मक अंगाचा विचार करावयाचा आहे. जत्रेला निघालेल्या बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आजी, सून आणि नातवंडे एकत्र बसत. आज तेच कुटुंब सहलीच्या बसने मनोरंजन उद्यानाला जाते. दोन्ही ठिकाणी माणसे आनंदासाठीच जातात. परंतु तेथे पोहोचल्यावर घरातील वृद्ध व्यक्तीच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत घटक या प्रश्नाभोवती रचला आहे.

6.2 जत्रेतील रंजन : वणीचे उदाहरण

यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथील रंगनाथस्वामींची जत्रा बैलबाजारासाठी ओळखली जाते. अशा जत्रेची मांडणी कोणा एका व्यक्तीने आखलेली नसते. देवदर्शन, बाजार, आकाशपाळणा, मौत का कुआँ, खेळण्यांची आणि रेवड्या-शेवेची दुकाने, कुस्त्यांची आमदंगल, दंडार किंवा तमाशा ही सारी अंगे परंपरेने एकमेकांशेजारी येऊन बसलेली असतात.

या मांडणीत बैलबाजाराचे स्थान विशेष अभ्यासनीय आहे. बैलाचे दात पाहून त्याचे वय सांगणे, खूर, खांदा आणि चाल पारखणे, रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवणे ही कौशल्ये अनुभवानेच येतात. त्यामुळे बाजारात सर्वांत वृद्ध शेतकऱ्याच्या शब्दाला सर्वांत अधिक वजन असे. नातू आजोबांचे बोट धरून हिंडे, ते गर्दीत हरवू नये म्हणून आणि शिकण्यासाठीही. जत्रेत वृद्धांना केवळ जागा नव्हती, भूमिका होती.

ट्रॅक्टर आले, बैलजोड्या घटल्या आणि अनेक ठिकाणचे गुरांचे बाजार रोडावले. पाळणे मात्र वाढले. परिणामी जत्रेत रंजनाची साधने अधिक झाली, तरी वृद्धांची भूमिका कमी झाली. पूर्वी सौदा ठरवणारे आजोबा आता पाळण्याखाली चपला आणि पिशव्या सांभाळत उभे राहतात. हा बदल कोणी ठरवून केलेला नाही, म्हणूनच तो सहजासहजी लक्षात येत नाही.

6.3 मनोरंजन उद्यानाची कल्पना

मनोरंजन उद्यान ही जत्रेच्या उलट, आधी कल्पिलेली आणि मग उभारलेली रचना असते. युरोपातील कोपनहेगन शहरात 1843 मध्ये टिवोली हे उद्यान सुरू झाले. बागा, संगीत, खाद्यगृहे आणि खेळ यांची तेथे सांगड घालण्यात आली. वॉल्ट डिस्ने यांनी आपले उद्यान उभारण्यापूर्वी टिवोलीला भेट दिली होती. स्वतःच्या उद्यानाच्या कल्पनेचा उगम ते एका साध्या अनुभवात सांगत. मुली चक्री घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून राहत. पालक आणि मुले यांना एकत्र काही करता येईल अशी जागा असावी, असे त्यांना तेथे वाटले. पिशव्या सांभाळणाऱ्या आजोबांचा प्रश्न आणि या बाकावरच्या बापाचा प्रश्न मुळात एकच आहे.

अमेरिकेतील अॅनाहाइम येथे 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी नळ-कामगारांच्या संपामुळे काम अपुरे राहिले होते. पिण्याच्या पाण्याचे नळ किंवा स्वच्छतागृहे यांपैकी एकच वेळेत पूर्ण होणार होते. डिस्ने यांनी स्वच्छतागृहांची निवड केली. उन्हाळ्याच्या त्या दिवशी लोक पाण्यावाचून त्रासले आणि टीकाही झाली. तरीही निर्णयामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. थंड पेय विकत मिळू शकते, स्वच्छतागृहाला मात्र पर्याय नसतो. नेतृत्वाची परीक्षा भव्य पाळण्यांच्या निवडीपेक्षा अशा साध्या सोयींचा क्रम लावण्यात अधिक होते.

6.4 महाराष्ट्रातील उदाहरणे

मुंबईजवळ गोराई येथे 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड सुरू झाले. त्याला लागून 1998 मध्ये वॉटर किंगडम हे जलोद्यान आले. खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका सुरू झाले. अशा उद्यानांत वेगवान पाळण्याच्या प्रवेशद्वाराशी उंचीची खूण असते. तिच्याखालील मुलाला प्रवेश मिळत नाही, आणि हृदयविकार असलेल्यांना किंवा गर्भवती स्त्रियांना सूचनाफलक थांबवतो. सुरक्षेसाठी हे नियम आवश्यकच आहेत. तथापि ज्या उद्यानात केवळ असेच पाळणे असतील, तेथे कुटुंब प्रत्येक दारापाशी दुभंगते. याउलट लाटांच्या तलावात तरुण खोल भागात उतरतात, लहान मुले उथळ कडेला खेळतात आणि आजी पाण्यात पाय सोडून बसते. पाणी तेच, खोली ज्याच्या त्याच्या बेताची. सर्व वयांचे आकर्षण म्हणतात ते यालाच.

विदर्भापुरते पाहिल्यास शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाने उभारलेले आनंदसागर हे उदाहरण महत्त्वाचे आहे. मधली काही वर्षे ते बंद होते. यवतमाळ जिल्ह्यातील अनेक कुटुंबे शेगावच्या दर्शनाला जोडून तेथे जात असत. मुलांसाठी खेळणी आणि छोटी आगगाडी, मोठ्यांसाठी तलाव आणि बागा, ज्येष्ठांसाठी ध्यानकेंद्र अशी तेथील योजना होती. दीर्घकाळ संस्थानाची धुरा वाहणारे शिवशंकरभाऊ पाटील यांचे 2021 मध्ये निधन झाले. त्यांच्या काळातील स्वच्छता, शिस्त आणि सेवाधाऱ्यांचे नम्र वागणे यांचा उल्लेख शेगावला जाऊन आलेले लोक आवर्जून करतात. येथे कुटुंबाची सहल आणि वृद्धांची श्रद्धा यांत विरोध राहिला नाही. आजी नातवंडांच्या मागे ओढली जात नव्हती, उलट तिच्यामुळेच सारे घर निघत होते.

6.5 निर्णयाच्या कसोट्या

जत्रेचे व्यवस्थापन ग्रामपंचायत, नगर परिषद किंवा देवस्थान समिती पाहते. आपल्यापैकी काही जण अशा समित्यांवर असतील. वरील विवेचनावरून पुढील कसोट्या हाती येतात.

पहिली कसोटी सोयीची. सावली, पिण्याचे पाणी, बसण्याची जागा आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची तरतूद पाळण्यांना जागा देण्यापूर्वी झाली आहे काय? विदर्भाच्या उन्हात ही तरतूद नसेल, तर वृद्ध आणि तान्ह्या बाळांच्या माता प्रथम गळतात.

दुसरी कसोटी सुरक्षेची. जत्रेतील पाळणा प्रत्येक गावी नव्याने जोडला जातो आणि पुन्हा सोडवला जातो. म्हणून जोडणी झाल्यानंतरची तपासणी त्याच गावात व्हावयास हवी.

तिसरी कसोटी दृष्टिक्षेपाची. मूल खेळत असताना आजोबांना ते बसल्या जागेवरून दिसते काय? एकमेकांचा आनंद पाहता येणे हासुद्धा रंजनाचाच भाग आहे.

चौथी कसोटी भूमिकेची, आणि ती सर्वांत अवघड आहे. बैलबाजार रोडावल्यावर वृद्धांच्या जाणतेपणाला जत्रेत कोठे स्थान आहे? बियाण्यांचे आणि जुन्या अवजारांचे प्रदर्शन, दंडारीच्या जुन्या कलावंतांचा फड, शंकरपटातील जोड्यांची पारख अशी उत्तरे शोधता येतील. शंकरपटावर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली होती. आता तो कायद्यातील अटी पाळूनच भरवता येतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

6.6 सारांश

जत्रा परंपरेने घडते, उद्यान निर्णयाने घडते. मात्र परंपरा बदलू लागली की जत्रेलाही निर्णय घ्यावे लागतात. प्रत्येक वयासाठी एकेक वेगळा खेळ ठेवल्याने स्थळ सर्वांचे होत नाही. तीन पिढ्या एकत्र राहू शकतात, एकमेकांना पाहू शकतात आणि प्रत्येकीला तेथे काही काम किंवा मान असतो, तेव्हा ते सर्वांचे होते.

6.7 स्वाध्याय

1. ‘जत्रेत वृद्धांना केवळ जागा नव्हती, भूमिका होती’ या विधानाचा अर्थ बैलबाजाराच्या आधारे स्पष्ट करा.
2. डिस्नेलँडच्या उद्घाटनापूर्वीचा निर्णय आपल्याला योग्य वाटतो काय? सकारण लिहा.
3. क्षेत्रकार्य : आपल्या परिसरातील एका जत्रेला घरातील ज्येष्ठ व्यक्तीसह जा. ती व्यक्ती कोठे थांबली, कोठे बसली, कोणाशी बोलली आणि कशाविषयी आपणहून सांगू लागली याची नोंद ठेवा. त्या नोंदींच्या आधारे जत्रा समितीला दोन सूचना करणारे पत्र 200 शब्दांत लिहा.