उन्हाळी धानाऐवजी काय?

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली आमच्या बांध्या आहेत. खरिपात धान, उन्हाळ्यातही धान. आता खर्च परवडत नाही. दुसरे कोणते पीक घ्यावे? – एक शेतकरी

उत्तर : खरिपाचे धान सोडू नका, खोलगट बांधीत पावसाळ्यात दुसरे काही टिकणारही नाही. बदल करायचा तो उन्हाळी धानात. पर्याय हरभरा किंवा मका.

पिकापेक्षा आधी बांधी निवडा. दरवर्षी चिखलणी केल्याने नांगराच्या तळाशी कठीण थर तयार होतो. त्यावर पाणी साचते आणि हरभऱ्याची मुळे गुदमरतात. म्हणून उंचावरची, निचऱ्याची बांधी घ्या. शेजारी उन्हाळी धान असेल तर त्याचे पाणी धुऱ्याखालून झिरपून तुमच्या शेतात येईलच. त्या बाजूने आधी चर काढा. एकट्याने पीक बदललेले शेतकरी इथेच हरतात, याचे मला फार वाईट वाटते. शक्यतो लगतच्या चार-पाच जणांनी मिळून ठरवा.

धान कापल्यावर ओल आहे तोवर हरभरा पेरा. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा, मग रायझोबियम चोळा. फुले येण्याच्या सुमारास एक आणि घाटे भरताना एक हलके पाणी पुरते. जास्त दिले तर मर वाढते. मका सरी-वरंब्यावर लावा. पोंग्यात लष्करी अळीची भुसकटासारखी विष्ठा दिसते का, ते उगवणीपासून पाहत राहा.

मका विकत घेणारा व्यापारी मात्र पेरणीआधीच गाठा. पहिल्या वर्षी एकच बांधी बदला.